वादळानंतर घराच्या विम्याचा दावा : काही माहिती, काही विचार

द्वितीय वर्ष, कला शाखा

कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला वारा नवा नाही. वैशाखाच्या शेवटी वळवाचा पाऊस येतो तोच मुळी धुळीचे लोट आणि पत्र्यांचा खडखडाट घेऊन. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या भागाने ज्या वादळांची नावे पाठ केली, ती या नेहमीच्या वाऱ्यांपेक्षा निराळी होती. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ आले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, दापोली, मंडणगड या तालुक्यांतील असंख्य घरांची छपरे काही तासांत उडाली. दिवेआगर-श्रीवर्धनच्या पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वर्ष पुरे होते न होते तोच मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले.

वादळ काही तासांत जाते. त्यानंतर घर पुन्हा उभे करण्याचे काम मात्र वर्षानुवर्षे चालते. कोणी सोसायटीचे कर्ज काढतो, कोणी मुंबईच्या भावाकडे हात पसरतो, कोणी बायकोच्या अंगावरचे किडूकमिडूक सोनाराकडे नेतो. अशा वेळी त्याच घराच्या लोखंडी पेटीत, कर्जाच्या कागदांच्या खाली, घराच्या विम्याचा कागद न वाचलेला पडून असला तर? ही कल्पना अतिशयोक्तीची वाटेल. पण तसे घडते, आणि ते मी पाहिले आहे. म्हणूनच या विषयावर जी माहिती मिळवता आली ती येथे क्रमाने मांडत आहे. आपल्या महाविद्यालयातील बरेच विद्यार्थी माझ्याप्रमाणेच घरातले पहिले पदवीचे विद्यार्थी आहेत. घरात आलेला सरकारी किंवा बँकेचा कागद “वाच गं जरा” म्हणून आपल्याच हातात दिला जातो. तेव्हा हे ज्ञान आपल्याला असावे, हे योग्यच नव्हे काय?

पंचनामा वेगळा, विमा वेगळा

आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज येथे आहे. वादळ झाले की गावात तलाठी येतात. (त्यांचे पदनाम आता बदलले असले तरी गावात शब्द तोच चालतो.) ते पडलेल्या घरांचा पंचनामा करतात. हा पंचनामा शासनाच्या मदतीसाठी असतो. ‘निसर्ग’ वादळानंतर महाराष्ट्र शासनाने पूर्ण पडलेल्या घरासाठी दीड लाख रुपयांची मदत जाहीर केली होती. ती याच पंचनाम्यांच्या आधारे द्यावयाची होती. शासनाची मदत ही आधार देणारी असते. ती किती द्यावयाची हे शासन ठरवते आणि घराला प्रत्यक्ष किती खर्च आला याच्याशी तिचे गणित जुळेलच असे नाही.

विमा हा मात्र करार आहे. आपण हप्ता भरला, कंपनीने जोखीम घेतली. नुकसान झाले की कराराप्रमाणे रक्कम मागणे हा आपला हक्क आहे. त्यात मेहरबानीचा प्रश्न येत नाही. पण करार म्हटला की त्याच्या अटी आल्या आणि त्या पाळण्याची जबाबदारीही आली. तलाठी पंचनामा करून गेले म्हणजे विमा कंपनीला कळले, असे होत नाही. कंपनीला आपण स्वतः कळवावे लागते. तिचा माणूस वेगळा येतो, त्याचा अर्ज वेगळा असतो. पंचनाम्याची प्रत विम्याच्या कामी पुरावा म्हणून जोडता येते, म्हणून ती जरूर मागून घ्यावी. परंतु एकाने दुसऱ्याचे काम होत नाही.

विम्याची तीन तत्त्वे

घराचा विमा हा सामान्य विम्यात मोडतो. आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने सामान्य विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. पुढे १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले आणि खाजगी कंपन्यांनाही हे क्षेत्र खुले झाले. कंपनी सरकारी असो वा खाजगी, विम्याची मूळ तत्त्वे तीच आहेत. त्यातील तीन आपल्या विषयापुरती महत्त्वाची आहेत.

पहिले तत्त्व नुकसानभरपाईचे. विमा हा फायदा मिळवण्यासाठी नसतो. वादळाच्या आदल्या दिवशी आपण जेथे होतो, तेथे आपल्याला परत नेऊन ठेवणे एवढाच त्याचा उद्देश. दुसरे तत्त्व परम सद्भावाचे. विमा घेताना आणि दावा करतानाही खरे तेच सांगायचे. भिंती कशाच्या, छप्पर कशाचे, घरात दुकान आहे काय, घर वर्षातून किती दिवस बंद असते, हे लपवले तर पुढे दावा अडचणीत येतो. तिसरे तत्त्व हितसंबंधाचे. ज्या वस्तूच्या नाशाने आपले आर्थिक नुकसान होते, तिचाच विमा आपण घेऊ शकतो. कोकणात घर बहुधा आजोबांच्या नावावर, वारसांची नोंद राहिलेली, आणि राहतो एक भाऊ, अशी स्थिती असते. अशा घराचा विमा घेताना मालकीची व राहण्याची स्थिती आहे तशी लिहावी आणि वारसनोंदीचे काम मागे ठेवू नये. दाव्याच्या वेळी “हे घर तुमचे कशावरून?” हा प्रश्न हमखास निघतो. त्या वेळी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीच्या पावत्या आणि वीजबिल हेच आपले साक्षीदार असतात.

आपल्या घराला विमा आहे काय?

हा प्रश्न बाळबोध वाटेल. पण ज्यांनी घरासाठी बँकेचे कर्ज काढले आहे, त्यांनी तो स्वतःला अवश्य विचारावा. कर्ज देताना अनेक बँका तारण असलेल्या घराचा विमा उतरवून घेतात आणि त्याचा हप्ता खात्यातून वळता करतात. घरातल्या माणसांना त्याचा पत्ताही नसतो.

आमच्या वाडीतील एका काकांचे असेच झाले. गेल्या मे महिन्यात वळवाच्या आधी आलेल्या वाऱ्याने त्यांच्या ओटीवरचे पत्रे उडाले, शेजारचा आंबा पडवीवर पडला आणि मागील बाजूची कौले निखळून आत पाणी आले. मी त्यांच्याकडे गेले होते ती वेगळ्याच कामासाठी, त्यांच्या नातवाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला. त्यासाठी बँकेचे पासबुक काढले, तर त्यात दरवर्षी एकाच महिन्यात एक छोटी रक्कम वजा झालेली दिसली. “काका, ही कपात कसली?” असे विचारता ते म्हणाले, “असेल काहीतरी ब्यांकेचं. ते कापतात, आपण काय विचारणार!” दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन विचारले तेव्हा कळले की ती कपात घराच्या विम्याच्या हप्त्याची होती. विमापत्र बँकेच्या फायलीत होते. काकांनी ते कधीच पाहिले नव्हते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कर्जाबरोबर दोन प्रकारचे विमे असू शकतात. एक कर्जदाराच्या जीवनाचा. तो गेला तर कर्ज फिटावे म्हणून. दुसरा घराच्या इमारतीचा. “कर्जाबरोबर विमा आहे” एवढे ऐकून निर्धास्त होऊ नये. तो माणसाचा आहे की घराचा हे पाहून घ्यावे. पहिल्या विम्याचा छप्पर उडाल्यावर काहीही उपयोग नाही. तसेच घर बँकेकडे तारण असेल तर विमापत्रावर बँकेचे नाव असते आणि दाव्याच्या रकमेवर पहिला अधिकार बँकेचा राहतो. म्हणून दावा करतानाच बँकेला लेखी कळवावे आणि ही रक्कम घराच्या दुरुस्तीसाठी मिळावी अशी विनंती करावी.

विमापत्रात काय पाहावे

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक प्राधिकरणाने घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाचे एक प्रमाणित विमापत्र लागू केले आहे. सामान्य माणसाला निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या अटींत चाचपडावे लागू नये, हा त्याचा हेतू. आग, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, दरड कोसळणे, बाहेरची वस्तू (उदाहरणार्थ झाड) घरावर आदळणे, अशी अनेक संकटे त्यात धरली आहेत. अशा संकटानंतर, त्याच संकटामुळे सात दिवसांच्या आत झालेली घरातील चोरीही त्यात येते. छप्पर उडालेल्या घरात चोराला वाट मोकळीच असते, हे कोणीतरी विचारपूर्वक लिहिलेले दिसते.

या विमापत्रात इमारतीची विमा रक्कम कशी ठरते ते एका उदाहरणाने पाहू. घराचे चटई क्षेत्र ६०० चौरस फूट आहे आणि बांधकामाचा दर चौरस फुटास १,५०० रुपये आहे असे समजू. तर विमा रक्कम ९ लाख रुपये होईल. यात जागेची किंमत धरत नाहीत, कारण वादळ जमीन नेत नाही. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे येथे १ लाख ८० हजार रुपये, घरातील सामानासाठी आपोआप धरले जातात. या सामानाच्या रकमेची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. याशिवाय पडलेला ढिगारा हलवण्यासाठी दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत आणि वास्तुविशारद व अभियंता यांच्या शुल्कासाठी ५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. घर राहण्यायोग्य उरले नाही तर तात्पुरत्या भाड्याच्या जागेचा विचारही या विमापत्रात आहे.

विमापत्र वाचताना काय आहे इतकेच काय नाही हेही वाचावे. वाळवी, गंज, जुनेपणा, डागडुजीचा अभाव यांनी झालेले नुकसान विम्यात बसत नाही. रोख रक्कम बसत नाही. दागिन्यांसाठी वेगळी मागणी करून वेगळा हप्ता भरावा लागतो. अंगणातील माड, पोफळी, आंबा ही घराच्या विम्यात येत नाहीत. फळबागांसाठीच्या विमा योजना निराळ्या आहेत. गवताच्या किंवा झावळ्यांच्या छपराचे घर विम्याच्या भाषेत ‘कच्चे’ ठरते. आणि आपल्या भागासाठी फार महत्त्वाची गोष्ट म्हणजे बंद घर. अनेक विमापत्रांत घर सलग ३० दिवसांहून अधिक बंद राहिल्यास वेगळी अट असते. ज्यांची घरे गणपती आणि शिमगा सोडून एरवी कुलपात असतात, त्या चाकरमान्यांनी हे कलम आधी शोधावे आणि कंपनीला घराची खरी स्थिती लेखी कळवून ठेवावी.

वादळ ओसरल्यावर : कामांचा क्रम

येथपर्यंत झाले ते पूर्वतयारीचे. आता प्रत्यक्ष वादळानंतर काय करावे ते क्रमाने पाहू. क्रमाला महत्त्व आहे, कारण घाईत आपण नेमके उलटे करतो. आधी साफसफाई करतो, ढिगारा ओढ्यात टाकतो, आणि मग पुरावा शोधतो. याला वरातीमागून घोडे म्हणतात.

१. माणसे आणि जनावरे सुरक्षित स्थळी हलवावीत. वीज मुख्य बटनापाशी बंद करावी. तुटलेल्या तारेला हात लावू नये. कोणत्याही दाव्याची किंमत जिवाहून मोठी नाही.

२. काहीही हलवण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत. आता घरोघरी मोबाईल आहे. आधी दुरून, म्हणजे सारे घर दिसेल असे. मग प्रत्येक खोलीचे. मग जवळून, म्हणजे मोडलेला वासा, फुटलेली कौले, भिजलेला टीव्ही. घराचा ग्रामपंचायत क्रमांक दिसेल असे एक छायाचित्र असावे. भिंतीवर पाणी कोठवर चढले त्या रेषेचेही घ्यावे. एक सलग चित्रफीत काढून ती दुसऱ्या नातेवाइकाच्या मोबाईलवर पाठवून ठेवावी, म्हणजे एक मोबाईल भिजला तरी पुरावा राहतो.

३. विमा कंपनीला ताबडतोब कळवावे. दूरध्वनीने कळवले तरी तक्रार क्रमांक, तारीख, वेळ वहीत लिहून ठेवावी, आणि मागाहून ईमेल किंवा पत्राने लेखी कळवावे. भारत गृह रक्षा विमापत्रात नुकसान प्रथम लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत दाव्याचा अर्ज देण्याची अट आहे. वीज आणि रस्ते बंद असल्यामुळे उशीर झाला तर त्याचे कारण अर्जातच लिहावे.

४. नुकसान वाढू देऊ नये. हे विमेदाराचे कर्तव्यच आहे. ताडपत्री घालावी, भिजलेले धान्य व कपडे वेगळे करावेत, टेकू लावावा. ताडपत्रीची, मजुरीची, टेम्पोची पावती जपून ठेवावी. मात्र कायमची दुरुस्ती पाहणी होईपर्यंत करू नये. मोडलेले सामान फेकून न देता परसात एका बाजूस ठेवावे. ते कुजू लागले, ठेवणे अशक्य झाले, तर कंपनीला कळवून आणि पुन्हा छायाचित्रे घेऊन मगच टाकावे.

५. यादी करावी. एक साधी दोनशे पानी वही घ्यावी आणि रकाने आखावेत : वस्तू, संख्या, केव्हा घेतली, तेव्हाची किंमत, काय नुकसान झाले, पावती आहे की नाही. स्वयंपाकघरापासून सुरुवात करून एकेक खोली घ्यावी. घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय ही यादी कधीही पूर्ण होत नाही, हा माझा अनुभव आहे. पुरुषमंडळी टीव्ही आणि पंखा सांगून थांबतात. मिक्सर, गोधड्या, पिंप, शिलाईयंत्र हे आजीला आणि काकूलाच आठवते.

६. कागद गोळा करावेत. विमापत्राची प्रत, हप्ता भरल्याची नोंद, घरपट्टीची पावती, नमुना ८, ओळखपत्र, बँक खात्याचा तपशील, गवंडी, सुतार किंवा अभियंत्याकडून दुरुस्तीचे सही असलेले अंदाजपत्रक, पंचनाम्याची प्रत. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील वादळाची बातमी किंवा हवामान खात्याचे पत्रक जोडले तर वादळ त्या तारखेला आले होते याबद्दल वाद राहत नाही. मूळ कागद हातचे सोडू नयेत. प्रती द्याव्यात आणि पोच घ्यावी.

सर्वेक्षक येतो तेव्हा

१९३८ च्या विमा कायद्याप्रमाणे ठराविक रकमेवरील दाव्यांसाठी परवानाधारक सर्वेक्षकाचा, म्हणजे बोलीभाषेतील सर्व्हेअरचा, अहवाल लागतो. त्याचा परवाना नियामक प्राधिकरणाचा असतो आणि त्याचे शुल्क कंपनी देते. म्हणून त्याला आपण काही देण्याचा प्रश्नच नाही. चहापाणी करावे ते पाहुणा म्हणून. दाव्याची सूचना मिळाल्यापासून २४ तासांच्या आत सर्वेक्षक नेमावा असे प्राधिकरणाने २०२४ साली ठरवून दिले आहे. केवळ कागद अपुरे आहेत म्हणून दावा फेटाळू नये, असेही त्याच वर्षीच्या परिपत्रकात आहे.

आपल्याकडे साहेब आला की माणसे अंगण झाडतात, खुर्ची टाकतात आणि मग गप्प उभी राहतात. विचारले तेवढेच सांगतात. तसे करू नये. सर्वेक्षकाबरोबर घरभर फिरावे, यादी हातात असावी, आणि एकेक नुकसान दाखवावे. माळ्यावरची ओल त्याला आपोआप दिसणार नाही. शिडी आपणच लावून द्यावी. त्याचे नाव, परवाना क्रमांक आणि भेटीची तारीख लिहून ठेवावी. आणखी कागद हवे असतील तर ते लेखी मागावेत अशी विनंती करावी. त्याच्या अहवालाची प्रत आपल्याला मागता येते.

रक्कम कशी ठरते

काकांच्या दाव्याचे उदाहरण पुढे नेऊ. सुताराचे अंदाजपत्रक ८४,००० रुपयांचे होते. सर्वेक्षकाने ६१,५०० मान्य केले. काका संतापले आणि “अर्धे खाल्लेन् मेल्यांनी” म्हणू लागले. पण अहवाल मागवून शांतपणे वाचला तेव्हा हिशोब कळला. मागच्या बाजूचे काही वासे वाळवीने आधीच पोखरलेले होते. त्यांचे १२,५०० वजा केले होते. शिवाय अंदाजपत्रकात पडवी पूर्वीपेक्षा चार फूट वाढवून धरली होती. त्या वाढीव कामाचे १०,००० वजा केले होते. वर सांगितलेले नुकसानभरपाईचे तत्त्व ते हेच. घर होते तसे करून देणे एवढाच करार असतो. होते त्याहून मोठे करणे त्यात येत नाही. रक्कम पुढे बँकेच्या संमतीने काकांच्या बचत खात्यात जमा झाली आणि श्रावणापूर्वी ओटीवर पत्रे चढले. त्यासाठी सावकाराकडे जावे लागले नाही, ही गोष्ट माझ्या दृष्टीने त्या आकड्यापेक्षा मोठी आहे.

काही जुन्या धर्तीच्या विमापत्रांत आणखी एक कलम असते, त्याला सरासरीचे कलम म्हणता येईल. समजा, घराची बांधकाम किंमत १० लाख आहे, पण हप्ता वाचवण्यासाठी विमा ६ लाखांचाच उतरवला. वादळात २ लाखांचे नुकसान झाले. आपल्याला वाटते की ६ लाखांच्या आत आहे, म्हणजे २ लाख पुरे मिळतील. परंतु या कलमानुसार कंपनी म्हणते, “तुम्ही दहापैकी सहा भागांचाच विमा घेतलात, म्हणून नुकसानीचे सहा भागच आमचे.” हाती येतात १ लाख २० हजार. भारत गृह रक्षा विमापत्रात हे कलम लावले जात नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. आपले विमापत्र कोणते, हे पाहण्याचे कारण यातून स्पष्ट व्हावे.

दावा नाकारला किंवा रक्कम कमी वाटली तर

नकार तोंडी स्वीकारू नये. कोणत्या कलमाखाली दावा नाकारला ते लेखी मागावे. मग ते कलम आपल्या विमापत्रात उघडून वाचावे. “पावसाचे पाणी गळाले, ते विम्यात नाही” असे उत्तर आले तर विचार करावा : जुन्या फटीतून गळाले की वाऱ्याने कौले उडाल्यामुळे आत आले? पहिले देखभालीचे नुकसान, दुसरे वादळाचे. पाणी तेच, कारण निराळे. आणि कारण दाखवायला पहिल्या दिवसाची ती छायाचित्रे उपयोगी पडतात.

पैसे घेताना “पूर्ण व अंतिम समाधान झाले” अशा मजकुरावर सही मागतात. ती वाचून करावी. रक्कम मान्य नसेल तर तसे वेगळ्या पत्राने कळवावे. अशी सही केल्याने अधिक रक्कम मागण्याचा विमेदाराचा हक्क संपत नाही, असे प्राधिकरणाने २०१५ साली कंपन्यांना कळवले आहे.

तक्रारीच्या पायऱ्या अशा आहेत. प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात; त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. याशिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. प्राधिकरणाचा १५५२५५ हा दूरध्वनी क्रमांकही तक्रारीसाठी आहे. हे सारे मार्ग सामान्य माणसासाठीच आखलेले आहेत. परंतु ते चालायला दोन गोष्टी लागतात : जपून ठेवलेला कागद आणि लक्षात ठेवलेली तारीख.

समारोप

अर्थशास्त्राच्या तासाला आपण जोखीम विभागण्याचे तत्त्व शिकतो. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून सावरावे. हे तत्त्व आपल्या गावांना अपरिचित नाही. एकाचे घर शाकारायचे असले की सारी वाडी येत असे. आज याचे, उद्या त्याचे. विमा ही त्याच सहकाराची कागदावर आलेली व्यवस्था आहे, असे मला वाटते. फरक इतकाच की वाडीतल्या सहकाराला सही लागत नव्हती आणि वाचावेही लागत नव्हते. या नव्या सहकाराला दोन्ही लागते. ज्या घरांत वाचणारे कोणी नव्हते, त्या घरांचा हप्ता गेला. पण संकटात मदत आली नाही. यात त्या माणसांचा दोष कसा म्हणावा? त्यांना ही भाषा कोणी शिकवलीच नव्हती.

आता आपण शिकत आहोत. वाचकहो, एक छोटेसे काम सांगून थांबते. येत्या सुट्टीत घरी गेलात की पासबुक आणि कर्जाची फाईल काढा. विम्याची कपात दिसली तर विमापत्राची प्रत बँकेतून मागून घ्या. त्यातील विमा रक्कम, मुदत संपण्याची तारीख आणि कंपनीचा दूरध्वनी क्रमांक घरातील सर्वांना ठाऊक असलेल्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. विमा नसेल तर त्याची चौकशी करा. आणि घराची चार छायाचित्रे आजच, छप्पर जागेवर असताना, काढून ठेवा. पावसाळा तोंडावर आला की मग हे सुचत नाही. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे आपल्या वाडवडिलांनी सांगूनच ठेवले आहे.